रंगाखालचा नंबर

अमेरिकेतल्या एअर शोंना नेमानं जाणाऱ्यांना 'विचक्राफ्ट' नावाचं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर विमान चांगलं माहीत आहे. चार इंजिनं, जुळी शेपटी, जमिनीलगत आलेलं पोट आणि नाकाशी मोठ्या अक्षरांत रंगवलेलं नाव. दुसऱ्या महायुद्धात १८,००० हून अधिक लिबरेटर तयार झाली. त्यातली उडू शकणारी म्हणून एकविसाव्या शतकापर्यंत पोचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. साहजिकच या विमानाचे फोटो काढायला लोक लांबून येत. त्या फोटोंखाली लिहिलेलं असतं की विचक्राफ्टनं युरोपवर १३० मोहिमा केल्या.

केल्या, पण या विमानानं नाही. मूळ विचक्राफ्ट युद्धानंतर भंगारात गेलं. आज ते नाव आणि तो रंग लेवून उभं असलेलं विमान १९४४ साली टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यात तयार झालं, ब्रिटिश हवाईदलाला मिळालं आणि पूर्वेच्या आघाडीवर वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर ते कानपूरला टाकून दिलं गेलं आणि तिथून उठून वीस वर्षं भारतीय हवाईदलात राबलं. १९६८ मध्ये ते निवृत्त झालं. पुढे परदेशी संग्राहकांच्या हाती लागलं, १९८९ मध्ये अमेरिकेत पुन्हा उडालं आणि तेव्हापासून तीन वेगवेगळ्या अमेरिकन विमानांची नावं त्याच्या नाकावर चढली. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा नोकरीचा काळ आपल्याकडचा होता. त्याचा ठिपकाही बाहेरून दिसत नाही.

कानपूरची हकीकत मला पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. लिबरेटर विमानं अमेरिकेनं ब्रिटनला युद्धापुरती दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत नेणं परवडणारं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाच्या हाती पडू द्यायचीही नव्हती. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर धावपट्टीलगत ती उभी करून मुद्दाम निकामी केली गेली. अंगावर वाहनं घातली, आतली उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. १९४८ मध्ये नव्या देशाला लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या ढिगाऱ्यात उतरली. एकाचं पंख दुसऱ्याला, तिसऱ्याचं इंजिन चौथ्याला असं करत एकेक विमान जेमतेम उडेल इतपत जुळवायचं, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते पूर्ण दुरुस्तीसाठी बंगळूरला उडवत न्यायचं. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. त्यांच्यावर हवाईदलाची पाचवी आणि सहावी तुकडी चालली. सहावी तुकडी पुण्यात लोहगावला होती. पन्नास-साठच्या दशकांत येरवड्याच्या किंवा विमाननगरच्या बाजूला (तेव्हा तिथं माळरान होतं) राहणाऱ्यांनी हा चार इंजिनांचा घरघराट ऐकलेला आहे.

आता प्रश्न असा, की एअर शोमध्ये जुनं लष्करी विमान उडतं तेव्हा आपण नेमकं काय आठवत असतो? माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक वेळा आपण रंग आठवत असतो, विमान नाही. आणि हे बदलायचं असेल तर विमान ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थांनी, आपल्याकडे म्हणजे हवाईदल, नौदल, महापालिका, शाळा-महाविद्यालयं यांनी, प्रत्येक विमानाचा मूळ नंबर आणि त्याची कुंडली उघड मांडली पाहिजे, आणि लोकांना त्याचा फोटो मोकळेपणानं काढू दिला पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

हे होऊ शकतं याचा दाखला लांब असला तरी आपल्याच विमानाचा आहे. सहाव्या तुकडीतलं एचई ८०७ हे लिबरेटर १९७४ साली भारतानं ब्रिटनला भेट दिलं. ते आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. तिथंही ते ब्रिटिश रंगात, केएन ७५१ या जुन्या ब्रिटिश नंबरानं उभं आहे. पण त्या संग्रहालयानं आपल्या प्रत्येक विमानाचा स्वतंत्र इतिहास लिहून लोकांना खुला ठेवला आहे. हे विमान कुठल्या तुकडीत, कुठल्या वर्षी, कुठं होतं, भारतात त्याचं काय झालं, परत कसं आलं. रंग ब्रिटिश आहे म्हणून भारतीय वर्षं गाळलेली नाहीत. ओटावात आणि ॲरिझोनातल्या टूसॉनमध्येही आपली लिबरेटर आहेत. पालमच्या हवाईदल संग्रहालयातही एक आहे. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या माणसानं ते मुद्दाम बघावं.

दुसऱ्या विमानाचा रंग चढवायचाच नाही, असं मला म्हणायचं नाही. २०१८ मध्ये आपल्या हवाईदलाकडे आलेलं 'परशुराम' हे डाकोटा जातीचं जुनं वाहतुकीचं विमान घ्या. भंगारात निघालेलं विमान तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाईदलात डाकोटा उडवलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ हवाईदलाला दिलं. ते स्वतःच्या पंखांवर कोव्हेंट्रीहून जामनगरला आलं. त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा नंबर आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डाकोटाचा तो नंबर. हे विमान ते नव्हे. पण या बाबतीत कुणी लपवाछपवी केली नाही, आणि तो नंबर पुन्हा आकाशात दिसावा ही इच्छा मला मनापासून पटते. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी दोन हेलिकॉप्टरांच्या मधून ते संथपणे गेलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. उसना नंबर चालेल. फक्त त्याच्याखाली विमानाचा स्वतःचा नंबरही कुठं तरी लिहिलेला असावा, एवढंच.

फोटो काढणाऱ्यांची जबाबदारीही इथंच सुरू होते. पंख्याचं विमान टिपणं सोपं नसतं. जेट विमानाला शटर १/१००० सेकंदावर ठेवलं तरी चालतं. पंख्याच्या विमानाला तेच केलं तर पाती गोठतात आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. म्हणून १/१६०, कधी १/१२५ वर उतरायचं, पाय रोवायचे आणि कमरेवरचं सगळं अंग विमानाबरोबर फिरवायचं. वीस फोटोंतले अठरा हलतात. उरलेल्या दोनांत पंख्याचं वर्तुळ धूसर आणि शेपटीवरचा नंबर स्वच्छ येतो. एवढा खटाटोप करून मिळवलेला तो नंबर आपण फोटोखाली लिहितच नाही! तारीख नाही, ठिकाण नाही, नंबर नाही. 'काय दृश्य होतं' एवढंच. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं हेच केलं. नंतर कळलं की आपल्या हवाईदलातल्या विमानांचा नंबरवार इतिहास आज लोकांसमोर जो काही आहे, त्यातला बराचसा हौशी मंडळींनी असेच जुने फोटो शेजारी ठेवून, तारखा जुळवून उभा केलेला आहे. कुणाच्या तरी आल्बममधला, मागे शाईनं 'लोहगाव, ६४' लिहिलेला एक फोटो असतो आणि त्यातून कळतं की अमुक विमान त्या वर्षी त्या तुकडीत होतं. सरकारी कागद बंद असतात तेव्हा हाच पुरावा उरतो.

आणि तो पुरावा जमवायला आपण लोकांना आडकाठी करतो. माझे मामा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. नाशिककडची माणसं अजूनही 'ओझर मिग' म्हणतात, एसटीच्या पाटीसारखं एका दमात. मामांनी एकतीस वर्षं तिथं पत्राकाम आणि रिव्हेटिंग केलं. ओझर आणि हैदराबाद, कोरापुटचे कारखाने मिळून या देशात ६०० हून अधिक मिग-२१ तयार झाली, आणि विमानाचं धड व जोडणी हे काम ओझरचं. मामांकडे त्यातल्या एकाही विमानाचा फोटो नाही. कारखान्यात कॅमेरा नेता येत नसे आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नाही. दोन वर्षांपूर्वी प्रवासात एका संस्थेच्या फाटकाबाहेर चबुतऱ्यावर मिग-२१ दिसलं. हमरस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसमधून दिसेल असं. मी गाडी बाजूला घेतली. मामा खाली उतरले, मान वर करून त्याच्या भोवतीनं एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे टाइप ७७ नाही, ९६ आहे. पाठ बघ, किती भरलेली आहे." टाइप ७७ आणि ९६ हे मिग-२१ चेच दोन प्रकार. मग टोपी सारखी करून ते चाकाजवळ उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावतोय तेवढ्यात पहारेकरी आला. फोटोला मनाई आहे, वरून ऑर्डर आहे. पोरगा सभ्य होता, त्याचा काही दोष नव्हता. मामांनी वाद घातला नाही. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "कारखान्यात नाही म्हणायचे ते बरोबरच होतं. पण हे तर रस्त्यावर ठेवलंय ना रे?"

मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. चालू तळाची, उभ्या असलेल्या नव्या विमानांची, रडारची छायाचित्रं काढू नयेत हे मला मान्य आहे. १९३७ च्या विमान नियमांपासून सरकारी विमानतळावर फोटो काढायला परवानगी लागत आली आहे, आणि त्या नियमामागचं कारण कुणालाही कळतं. पण ज्याचं इंजिन काढून घेतलंय, ज्याच्या हवेच्या तोंडात साळुंक्यांनी घरटं केलंय, ते विमान लोकांनी बघावं म्हणूनच तर चबुतऱ्यावर चढवलेलं असतं. बघा पण आठवण ठेवू नका, असं सांगण्यात कुणाची सुरक्षा होते? माझी मागणी साधी आहे: प्रदर्शनासाठी दिलेल्या प्रत्येक निवृत्त विमानाच्या कागदातच लिहा की सार्वजनिक रस्त्यावरून याचा फोटो काढायला हरकत नाही, आणि तशी पाटी लावा. एका ओळीची पाटी. पहारेकऱ्याचाही जाच वाचेल.

पाट्यांचं निघालं म्हणून आणखी एक. एका गावात बागेबाहेर ठेवलेल्या विमानाला दरवर्षी नवा रंग मारतात. हेतू चांगलाच आहे. मी गेलो तेव्हा रंग ताजा होता आणि पंखावरच्या चक्रात केशरी मधोमध होता. आपल्या हवाईदलाच्या चक्रात हिरवा मध्ये असतो, त्याभोवती पांढरा आणि सर्वांत बाहेर केशरी. रंगाऱ्याला कुणी सांगितलं नसणार. चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. पण शेपटीवरचा नंबर ऑईलपेंटच्या इतक्या थरांखाली गेला होता की तिरप्या उन्हातही अक्षरांचा उठाव दिसेना. शेजारी संगमरवरी फलक होता. त्यावर उद्घाटनाची तारीख होती आणि उद्घाटन करणाऱ्यांची, उपस्थितांची नावं होती. विमान कुठलं, कधी तयार झालं, कुणी उडवलं, यातलं एक अक्षर नव्हतं. त्या विमानानं १९७१ पाहिलं होतं का? १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेल्या मिग-२१ मध्ये ते होतं का? की ते नंतर तयार झालेलं होतं? हे सांगणारी एकच खूण त्याच्या अंगावर होती आणि ती आपण दरवर्षी थोडी थोडी बुजवत आलो.

नंबर लपवण्यामागे आणखी एक संकोच असतो, हे मला जाणवतं. मिग-२१ च्या अपघातांत तरुण वैमानिक मोठ्या संख्येनं गेले. त्या घरांतल्या लोकांना या विमानाचं कौतुक ऐकवत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. पण कुंडली उघड करायची तर ती पूर्ण करावी लागेल. हे विमान कितीदा नादुरुस्त होऊन उतरलं, कुणी ते जिवावर बेतत असताना परत आणलं, याच तुकडीतली कुठली विमानं परतली नाहीत, हेही त्यात यावं. ढाल-तलवारीसारखं चौकात मिरवायचं आणि अपघाताचं नाव काढायचं नाही, ही आठवण अर्धी आहे.

मग जुनी विमानं उडवावीत की नाही? इथं माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं आणि बराच विचार करून मी एका बाजूला आलो आहे. उडणाऱ्या विमानाचा आवाज, जळक्या तेलाचा वास, जमिनीतून पायांत चढणारी थरथर हे कुठल्याही संग्रहालयात मिळत नाही. पण २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला एक हॉकर हंटर कसरत करताना हमरस्त्यावर कोसळलं आणि ११ माणसं गेली. त्यातल्या कित्येकांनी एअर शोचं तिकीटही काढलेलं नव्हतं. हंटर हे आपलं फार लाडकं विमान, लोंगेवालाच्या वाळूत रणगाडे थांबवणारं. म्हणून ती बातमी मला जास्त लागली. २०१९ मध्ये कनेटिकटमध्ये हौशी प्रवाशांना घेऊन निघालेलं जुनं बी-१७ बॉम्बर पडलं, सात जण गेले. ते विमान विचक्राफ्टच्याच मालक संस्थेचं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात डॅलसला दोन जुनी विमानं शो चालू असताना हवेत एकमेकांवर आदळली, सहा जण गेले. यानंतर 'परंपरा' एवढं एकच कारण पुरत नाही.

म्हणून माझं मत असं: डाकोटा, टायगर मॉथ, हार्वर्ड यांसारखी संथ, साधी, ज्यांची दुरुस्ती हातानं करता येते अशी मोजकी विमानं हवाईदलानं स्वतःच्या शिस्तीत उडवत ठेवावीत. कसरती नाहीत, गर्दीवरून उड्डाण नाही, हौसेचे प्रवासी नाहीत. मिग-२१ सारखं विमान मात्र एकदा थांबलं की थांबलं. उतरतानाचा त्याचा वेग, त्याचं इंजिन, त्याला लागणारे सुटे भाग, यातलं काहीच हौसेनं पेलण्यासारखं नाही. मामांना हे पटत नाही. जेट इंजिनाला जादा जोर देणाऱ्या आफ्टरबर्नरचा तो आवाज नातवाला एकदा ऐकवायचा होता, असं ते म्हणतात. त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज चढत नाही.

न उडणाऱ्या विमानांवर छप्पर घालावं, ही मात्र माझी ठाम मागणी आहे. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. मराठी माणूस गोव्याला जातोच, त्यानं समुद्रावरची एक संध्याकाळ कमी करून तिथं जावं. बाहेर अंगणात 'रानी ऑफ एलोरा' हे सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियाच्या प्रवाशांना नेणारं हे विमान पुढे हवाईदलात गेलं, आणि तिथं ही विमानं वापरणारी तुकडी कोणती, तर लोहगावची तीच सहावी. लिबरेटरबरोबर त्यांना पुढे हीही मिळाली. १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली. शेजारच्याच दाबोळीवर १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टी निकामी केली होती. म्हणजे पुणे आणि गोवा यांचा विमानांपुरता केवढा तरी इतिहास त्या एका अंगणात उभं राहून सांगता येतो. आणि ते अंगण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा, चार महिने पाऊस. ॲल्युमिनियमला वरून काही होत नाही, ते रिव्हेटभोवती आतून पांढऱ्या भुकटीसारखं सुटायला लागतं, आणि रंगानं ते झाकता येतं, थांबवता येत नाही. शक्य तितक्या विमानांवर साधी पत्र्याची शेड घातली तरी पुष्कळ.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगढला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ मध्ये ती याच शहरात दाखल झाली होती. शेवटच्या उड्डाणांचे फोटो देशभर फिरले, ते होणं योग्यच होतं. आता ती विमानं एकेक करून चौकांत, शाळांत, बागांत जातील. मागणीपत्रं गेलीही असतील. ही वेळ पुन्हा येणार नाही, कारण प्रत्येक विमानाचं लॉगबुक अजून त्याच्या शेजारी आहे, ते जोडणारी, दुरुस्त करणारी आणि उडवणारी माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. ओझर, पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या घरांत अशी शेकडो माणसं आहेत. विमान हलवण्याआधी त्याचे फोटो चारी बाजूंनी काढा, लॉगबुकातल्या चार ओळी उतरवून घ्या: कारखाना, वर्ष, तुकड्या, शेवटचं उड्डाण. आणि ते सगळं लोकांना बघता येईल असं ठेवा. ज्या नगरपालिकेला हे जमणार नाही तिला विमान देऊ नका.

लेख लिहून झाल्यावर मामांना फोनवर वाचून दाखवला. रंगाऱ्याच्या उताऱ्यापाशी त्यांनी थांबवलं. म्हणाले, नंबर रंगानं लिहायला सांगूच नकोस, पत्र्यावर ठोकायला सांग. जागाही सांगितली: पुढच्या चाकाच्या कप्प्यात, आतल्या बाजूला, जिथं ब्रश पोचत नाही.